ठेचेचे दगड: वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

मागच्या अंकात युरोपातल्या स्मारकांवरच्या टिपणात, नाझींनी मारलेल्या ज्यूंच्या घरांसमोर फुटपाथमध्ये बसवलेल्या पितळी दगडांचा दोन ओळींत उल्लेख होता. त्यावर पुणे-नाशिकपासून हॅम्बुर्गपर्यंतच्या वाचकांची पत्रे आली. त्यांतले निवडक प्रश्न आणि या विषयाच्या अभ्यासकांनी दिलेली उत्तरे पुढे देत आहोत.

मुलाकडे बर्लिनला गेलो असताना घरांच्या दारांसमोर तळहाताएवढे पितळी चौकोन दिसले. नावे कळली, पण बाकीचा मजकूर समजला नाही. त्यावर काय लिहिलेले असते?
(एक वाचक, पुणे)

जर्मनमध्ये यांना श्टोल्परश्टाइन म्हणतात, म्हणजे ठेच लागेल असा दगड. प्रत्यक्षात पायाला ठेच लागत नाही, कारण दगड फुटपाथशी समतल असतो. अडखळते ती नजर. मजकूर इतका लहान असतो की वाचण्यासाठी थांबून वाकावेच लागते.

पहिली ओळ बहुधा ‘हीअर व्होन्टे’ अशी असते. अर्थ, ‘इथे राहत होता’ किंवा ‘इथे राहत होती’. शाळेसमोर ‘इथे शिकत होता’, दवाखान्यासमोर किंवा नाट्यगृहासमोर ‘इथे काम करत होती’ असेही आढळेल. त्याखाली मोठ्या अक्षरांत नाव. विवाहित स्त्रीच्या नावाखाली ‘गेब.’ लिहून माहेरचे आडनाव देतात. पुढे ‘यारगांग’ या शब्दाचे संक्षिप्त रूप आणि जन्मसाल. त्यानंतरच्या तीन-चार ओळींत त्या माणसाचे शेवटचे दिवस: कधी अटक झाली, कोणत्या साली कुठे नेले, पुढे काय झाले.

शेवटचा शब्द नीट पाहावा. बहुतेक दगडांवर तो ‘एर्मोर्डेट’ असतो, म्हणजे ‘खून झाला’. ‘निधन झाले’ असे लिहीत नाहीत. छळछावण्यांच्या कचेऱ्यांनी दिलेल्या मृत्यूच्या दाखल्यांवर हृदयविकार, न्यूमोनिया अशी खोटी कारणे भरलेली असत. दगडावरचा हा एक शब्द ते खोटे पुसतो. ‘फ्लुख्ट इन देन टोट’, म्हणजे ‘मृत्यूकडे पलायन’, असे असेल तर त्या व्यक्तीने छळामुळे, पुष्कळदा हद्दपारीची नोटीस हातात पडल्यावर, स्वतःचे जीवन संपवले असे समजावे. त्याला साधी ‘आत्महत्या’ म्हणायचे नाही हा निर्णय जाणूनबुजून घेतलेला आहे. ‘शुट्सहाफ्ट’ म्हणजे शब्दशः ‘संरक्षक कोठडी’. ज्यूंविरुद्धच्या नोव्हेंबर 1938 च्या दंगलीनंतर सुमारे 30,000 ज्यू पुरुषांना या नावाखाली डाखाउ, बूखेनवाल्ड आणि झाक्सेनहाउझेन या छळछावण्यांत डांबले. ‘पोलेनआक्त्सिओन’ लिहिले असेल तर तो माणूस ऑक्टोबर 1938 च्या अखेरीस पोलंडच्या सीमेवर रात्रीतून लोटून दिलेल्या सुमारे 17,000 पोलिश ज्यूंपैकी होता.

गावांची नावेही नाझी काळातली असतात, म्हणून आजच्या नकाशात सापडत नाहीत. लिट्समानश्टाट म्हणजे पोलंडमधले वूच. थेरेझिएनश्टाट म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातले तेरेझीन. वृद्ध ज्यूंना ‘म्हातारपणीची सोय’ म्हणून तिथल्या घराचे करार करायला लावून त्यांची शिल्लक काढून घेतली आणि मग उपाशी गर्दीत नेऊन टाकले. काउनास आणि 25.11.1941 अशी नोंद दिसली तर ती व्यक्ती छावणीत पोचलीच नाही. बर्लिनहून 17 नोव्हेंबरला सुटलेल्या गाडीतल्या सगळ्यांना त्या दिवशी लिथुएनियातल्या काउनास शहराच्या फोर्ट 9 वर गोळ्या घातल्या, म्युनिक आणि फ्रांकफुर्टहून आलेल्या गाड्यांतल्या लोकांसह.

एकाच दारासमोर तीन-चार दगड शेजारी-शेजारी असतील तर ते एकच कुटुंब असण्याची शक्यता मोठी. जन्मसाले वाचावीत. 1902, 1908, 1933, 1937 अशी ओळ दिसली की वेगळे काही सांगावे लागत नाही. त्यांत एखाद्या दगडावर ‘युबरलेब्ट’ म्हणजे ‘वाचला’ असेही असते. जगले-वाचलेल्यांचे दगडही घरच्यांच्या शेजारी बसवतात, ताटातूट झालेले कुटुंब निदान दारात एकत्र यावे म्हणून.

हे कोणी सुरू केले? सरकारी काम आहे का? आणि आजच्या काळात यंत्राने न कोरता हाताने का करतात?
(एक शिक्षिका, सोलापूर)

सरकारी नाही. गुंटर डेमनिग या जर्मन कलावंताचे हे काम आहे. त्यांचा जन्म 1947 चा. 1990 मध्ये त्यांनी कलोन शहरात, मे 1940 मध्ये 1,000 रोमा आणि सिंटी (युरोपातले भटके समाज) लोकांना घरांपासून रेल्वेपर्यंत ज्या वाटेने नेले, ती वाट रंगाने रस्त्यावर आखली. 16 डिसेंबर 1992 रोजी, रोमा-सिंटींना आउश्वित्सच्या छळछावणीत पाठवण्याच्या नाझी पोलीसप्रमुख हिमलरच्या हुकुमाला 50 वर्षे झाली त्या दिवशी, कलोनच्या जुन्या नगरभवनासमोर पहिला दगड बसला. त्यावर त्या हुकुमाचा मजकूर होता. व्यक्तींच्या नावांचे दगड 1995 मध्ये कलोनमध्ये आणि 1996 मध्ये बर्लिनच्या क्रॉइत्सबेर्ग भागात बसवले, तेही परवानगी न घेता. पालिकांची मान्यता नंतर मिळाली. 26 मे 2023 रोजी न्युर्नबेर्गमध्ये 1,00,000 वा दगड बसला. तो एका अग्निशमन जवानाच्या नावाचा आहे.

दगड म्हणजे काँक्रीटचा ठोकळा, 96 मिलिमीटर लांब-रुंद आणि 100 मिलिमीटर उंच. वरच्या अंगाला पितळी पत्रा. पत्र्याच्या कडा खाली वाकवून काँक्रीटमध्ये गाडलेल्या असतात, त्यामुळे तो सोलून निघत नाही. अक्षरे एकेक करून पोलादी ठशांवर हातोडी मारून उठवतात. 2005 पासून हे काम बर्लिनमधले शिल्पकार मिखाएल फ्रीडरिक्स-फ्रीडलेंडर करत आले आहेत. कारखान्यात छापले तर काम झटपट होईल, पण ते मुद्दाम टाळले आहे: माणसे मारण्याचा कारखाना चालवला गेला, त्यांची नावे तरी कारखान्यातून येऊ नयेत. जवळून पाहिले तर एखादे अक्षर किंचित कलते, एखादे खोल गेलेले दिसते. ते हाताचे आहे.

आपल्याकडे नावावर, अक्षरावर चुकून पाय पडला तरी आपण हात लावून डोक्याला लावतो. मेलेल्या माणसांची नावे पायदळी ठेवणे हा अपमान नाही का?
(एक ज्येष्ठ वाचक, पंढरपूर)

हा आक्षेप फक्त आपल्याकडचा नाही. म्युनिकच्या ज्यू समाजाच्या अध्यक्ष शार्लोटे क्नोब्लोख यांनी तो सर्वांत ठामपणे मांडला. त्या 1932 मध्ये जन्मल्या आणि लहानपणी एका ख्रिस्ती शेतकरी कुटुंबात लपून वाचल्या. ज्यांना जिवंतपणी बुटांनी तुडवले त्यांची नावे पुन्हा बुटांखाली का, असा त्यांचा प्रश्न. म्युनिक पालिकेने 2004 मध्ये सार्वजनिक रस्त्यावर दगड बसवायला नकार दिला आणि 2015 मध्ये तोच निर्णय कायम केला. 2018 पासून तिथे दुसरी पद्धत आहे: घराच्या भिंतीवर सोनेरी मुलामा दिलेली स्टेनलेस स्टीलची पाटी, किंवा भिंत मिळाली नाही तर फुटपाथवर तशाच धातूचा खांब. नाव डोळ्यांच्या उंचीवर येते. खासगी जागेत मात्र म्युनिकमध्येही दगड आहेत.

तुम्ही पंढरपूरचे, म्हणून नामदेव पायरीची आठवण येणे साहजिक आहे. तिथली भावना अशी की भक्तांची पायधूळ लागावी ही नामदेवांची स्वतःची इच्छा होती. इथे ज्यांची नावे आहेत त्यांना कोणी विचारलेले नाही, विचारता येणारही नाही. म्हणूनच नातेवाइकांचे मत निर्णायक मानायला हवे, असे आमचे ठाम मत आहे. कित्येक नातेवाइकांना याच दगडांनी पहिल्यांदा एक जागा दिली. राखेला कबर नसते. ते इस्राएल, अमेरिका, अर्जेंटिनाहून प्रवास करून दगड बसताना हजर राहतात, काही जण कादिश ही ज्यूंची मृतांसाठीची प्रार्थना म्हणतात. ज्यांना हे नकोच आहे अशीही कुटुंबे आहेत. तिथे दगड बसवू नये, मग शेजाऱ्यांची तयारी कितीही असो.

चालणारे लोक दगड चुकवतात का? काही चुकवतात, बहुतेकांच्या ते लक्षातही येत नाही. पावलांच्या घासण्याने पितळ उजळ राहते असे समर्थनात सांगतात. ते अर्धेच खरे आहे. भिंतीलगतच्या दगडांवर पाय क्वचितच पडतात आणि ते काळेच पडतात.

हॅम्बुर्गमध्ये आम्ही राहतो त्या 1910 च्या इमारतीत एक ज्यू कुटुंब राहत होते असे शेजाऱ्यांकडून कळले. त्यांच्यासाठी दगड बसवायचा असेल तर सुरुवात कुठून करावी? खर्च किती, वेळ किती?
(एक वाचक, हॅम्बुर्ग)

सुरुवात पैशापासून नव्हे, नावापासून करा. आणि त्याआधी एक फोन: तुमच्या शहरातल्या किंवा भागातल्या दगडांचे काम पाहणारा गट शोधून हे कुटुंब आधीच कोणी हाती घेतले आहे का ते विचारा. हॅम्बुर्ग आणि बर्लिन दोन्हीकडे नावे, पत्ते आणि चरित्रे असलेली खुली सूची इंटरनेटवर आहे. एकाच कुटुंबावर दोन गटांनी वर्षभर स्वतंत्र काम केले असे घडते.

मग संशोधन. पहिली पायरी म्हणजे जर्मन संघीय अभिलेखागाराचे स्मृतिग्रंथ, ज्यात जर्मनीतल्या बळी पडलेल्या ज्यूंची नावे, जन्मतारीख, हद्दपारीची तारीख आणि ठिकाण आहे. ते मोफत शोधता येते. दुसरी, बाड आरोल्सेन इथली आरोल्सेन अर्काइव्ह्ज: छावण्यांची कार्डे, गाड्यांच्या याद्या, युद्धानंतरच्या शोधपत्रांचे ढीग. तिसरी, जेरुसलेमच्या याद व्हाशेम या ज्यू संहाराच्या स्मारक-संस्थेतली साक्षपत्रे. ही नातेवाइकांनी स्वतः भरलेली असतात आणि भरणाऱ्याचे नाव-नाते त्यावर असते. वारसांपर्यंत पोचण्याची वाट बहुधा इथूनच सापडते. थेरेझिएनश्टाटला नेलेल्यांसाठी चेक बाजूची सूची पाहा, तिथे पुष्कळांचे मृत्यूचे मूळ दाखले स्कॅन करून ठेवले आहेत. बर्लिन-ब्रांडेनबुर्गच्या लोकांसाठी पोट्सडामच्या राज्य अभिलेखागारात संपत्तीच्या फायली आहेत. हद्दपारीपूर्वी प्रत्येकाला आपल्या मालमत्तेचा फॉर्म भरून द्यावा लागे: खुर्च्या किती, चादरी किती, मुलांचे बूट किती. त्या फायली वाचायला वेळ काढा. माणूस तिथे दिसतो.

आता चुका कुठे होतात ते.

1 जानेवारी 1939 पासून ज्यू स्त्रियांना ‘सारा’ आणि पुरुषांना ‘इस्राएल’ हे जादा नाव सक्तीने लावले गेले. कागदोपत्री प्रत्येकाच्या नावात ते दिसते. नवखा संशोधक ते खरे नाव समजून अर्जात उतरवतो आणि नाझींनी चिकटवलेला शिक्का पुन्हा पितळेवर जायची वेळ येते. ते नाव काढून टाका. मात्र एखाद्या बाईचे नाव जन्मापासूनच सारा असू शकते, म्हणून जन्मनोंद पाहिल्याशिवाय कात्री लावू नका.

दुसरी चूक तारखेची. ‘मृत्यू 8 मे 1945’ अशी नोंद शेकडो नावांपुढे सापडेल. तो युद्ध संपल्याचा दिवस आहे. बेपत्ता लोकांना नंतर न्यायालयांनी मृत घोषित केले तेव्हा ही तारीख कायद्याच्या सोयीसाठी धरली. ती मृत्यूची तारीख म्हणून दगडावर घालू नये. तिथे फक्त कुठे, कधी नेले तेवढेच लिहावे. तसेच ‘आउश्वित्स’ हा शब्द नातेवाइकांच्या पत्रांत कधी कधी ‘पूर्वेकडे कुठेतरी’ या अर्थाने आलेला असतो. गाडीची यादी रीगा किंवा मिन्स्क सांगत असेल तर यादीवर विश्वास ठेवा.

जन्मतारीख, नावाचे स्पेलिंग आणि माहेरचे नाव या तीन गोष्टी दोन स्वतंत्र कागदांवर जुळल्याशिवाय पुढे जाऊ नका. अक्षर एकदा पितळेत उठले की खोडता येत नाही. चुकले तर दगड नवा करावा लागतो. मजकुराचा अंतिम मसुदा डेमनिग यांच्याकडचे लोक ठरवतात आणि तपासायला पाठवतात. तो मसुदा घरातल्या दोघांनी वेगवेगळा वाचावा, एकाने मोठ्याने.

संशोधनाबरोबरच नातेवाईक शोधा आणि त्यांची संमती घ्या. पालिकेची परवानगी लागते, पण ती बहुधा स्थानिक गटच घेतो. फुटपाथ सार्वजनिक असल्याने घरमालकाच्या परवानगीची गरज नसते. तरी त्याला आणि राहिवाशांना आधी चिठ्ठी टाकून कळवावे. ज्यांना आधी सांगितले जाते ते त्या दिवशी खाली येतात.

खर्च: बरीच वर्षे जर्मनीत एका दगडाची देणगी 120 युरो होती. आता ती वाढली आहे, म्हणून अर्ज करताना चालू रक्कम विचारा. जर्मनीबाहेरची रक्कम वेगळी असू शकते. वेळ: नाव पक्के झाल्यावरही कित्येक महिने धरा, मोठ्या शहरांत वर्षाहून अधिक. हाताने होणाऱ्या कामाला मर्यादा आहे. नातेवाईक नव्वदीचे असतील तर ते अर्जात स्पष्ट लिहा.

ज्या घरातून पोलिसांनी उचलले त्याच घरासमोर दगड बसवतात का? आमच्या गल्लीत तर ते घरच राहिलेले नाही.
(एक वाचक, बर्लिन)

नाही, आणि इथेच सर्वाधिक गोंधळ होतो. नियम असा की दगड शेवटच्या स्वखुशीच्या घरासमोर बसतो. 30 एप्रिल 1939 च्या कायद्याने ज्यू भाडेकरूंचे संरक्षण काढून घेतले. त्यानंतर त्यांना घरे सोडायला लावून ठराविक इमारतींत एकेका खोलीत एकेक कुटुंब असे कोंबले. ती ‘ज्यूंची घरे’. हद्दपारीच्या यादीत पत्ता असतो तो बहुधा या कोंबलेल्या घराचा. तोच उचलला तर नाझींनी ठरवलेला पत्ता आपण ‘इथे राहत होता’ म्हणून कायमचा करतो.

खरा पत्ता काढायला 17 मे 1939 च्या जनगणनेची पुरवणी कार्डे पाहतात. ती कायद्यानंतर दोनच आठवड्यांनी भरलेली असल्याने बरेच लोक तेव्हा अजून आपल्याच घरी होते. पण तेवढ्यावर थांबू नये. 1930 पासूनची शहराची पत्त्यांची पुस्तके वर्षानुवर्षे उलटावीत. बर्लिनची 1943 पर्यंतची पुस्तके डिजिटल रूपात आहेत. माणूस 1928 ते 1938 एका पत्त्यावर आणि मग अचानक दुसरीकडे दिसला, तर पहिला पत्ता घ्यावा. अडचण अशी की त्या पुस्तकांत फक्त कुटुंबप्रमुखाचे नाव आणि धंदा असतो. पोटभाडेकरू, अविवाहित मुली, सासूबाई त्यात नसतात. त्यांचा माग घरमालकाच्या नावावरून काढावा लागतो.

घर बॉम्बहल्ल्यात गेले असेल तरी हरकत नाही. दार जिथे होते तिथल्या फुटपाथमध्ये दगड बसतो. मात्र आजचा घरक्रमांक आणि 1935 चा क्रमांक एकच असे गृहीत धरू नका. बर्लिनच्या जुन्या रस्त्यांवर क्रमांक घोड्याच्या नालासारखे फिरतात: एका बाजूने चढत जातात आणि समोरच्या बाजूने परत येतात. नवीन बांधकामाने दोन-तीन क्रमांक गिळलेले असतात, रस्त्याचे नाव बदललेले असते. जुना मोठ्या प्रमाणाचा शहर-नकाशा आजच्या नकाशावर ठेवून चौकापासून मोजा. दहा मीटर चुकले तर दगड दुसऱ्याच्याच दारात जातो.

बसवणे हे त्या मानाने सोपे. पालिकेचे कामगार फुटपाथचे लहान दगड उपटून खळगा करतात, ठोकळ्याच्या उंचीपेक्षा किंचित खोल. तळाशी खडी-वाळूचा थर ठोकून घट्ट करतात, ठोकळा ठेवून रबरी हातोड्याने सपाटीला आणतात, सांध्यांत वाळू-सिमेंटचे कोरडे मिश्रण झाडून भरतात, पाणी मारतात आणि सिमेंट धरण्याआधी पितळ पुसून घेतात. अर्ध्या तासाच्या आत काम होते. ठोकळा वर राहिला तर म्हातारी माणसे खरोखर ठेचकाळतात आणि बर्फ काढणाऱ्या फाळ्याला त्याची कड लागते. खाली गेला तर त्यावर चिखलपाणी साचून पत्रा काळा पडतो. डांबरी फुटपाथ असेल तर पालिकेला आधी कळवा, तिथे कापणीयंत्र लागते आणि ते ऐनवेळी मिळत नाही.

आमचा पिढीजात पितळी भांड्यांचा व्यवसाय. मुलीच्या घरासमोरचे दोन दगड अगदी काळे पडलेत. पुढच्या भेटीत चिंचेने घासून लख्ख करू का?
(एक वाचक, नाशिक)

तुमचा हात पितळ ओळखतो, त्यामुळे कारण थोडक्यात सांगतो. देवघरातला तांब्या घासला की आपण तो भरपूर पाण्यात खळबळून घेतो. इथे ते शक्य नाही. चिंच, लिंबू-मीठ, व्हिनेगर यांतले आम्ल पत्र्याच्या कडेने सांध्यात उतरते आणि सिमेंट पोखरते. नीट धुतले गेले नाही तर पितळातले जस्त आधी निघून पृष्ठभाग तांबूस होतो आणि आठवड्याभरात पूर्वीपेक्षा काळा पडतो. राख, वीट, तारेचा ब्रश यांनी ओरखडे पडतात आणि ओरखड्यांत घाण धरते. हाताने उठवलेली अक्षरे फार खोल नसतात. दर वर्षी खरवडली तर ती आपल्याच हातांनी पुसली जातील.

पद्धत अशी. जाड पुठ्ठ्यात किंवा प्लास्टिकच्या पत्र्यात सुमारे साडेनऊ सेंटिमीटरचे चौकोनी भोक पाडून तो दगडावर ठेवा, म्हणजे पॉलिश आजूबाजूच्या फरशीवर जाऊन पांढरे डाग पडणार नाहीत. आधी ओल्या स्पंजाने वाळू काढून घ्या. वाळू राहिली तर पुढे तीच घासकागद होते. मग जर्मनीत कुठल्याही किराणा दुकानात मिळणारे धातूचे पॉलिश, वाटाण्याएवढे, मऊ कापडावर घेऊन गोल फिरवत लावा. दोन-तीन मिनिटे थांबा, कोरड्या सुती कापडाने पुसा, अक्षरांतला गाळ जुन्या मऊ टूथब्रशने काढा आणि शेवटी ओल्या फडक्याने पुसून पूर्ण कोरडे करा. फार काळ्या दगडाला हेच दोन वेळा करा, जोर वाढवू नका. वर्षातून दोनदा पुरते. हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठाने पितळ खराब होते, म्हणून एक वेळ मार्चनंतरची ठेवावी. अनेक ठिकाणी 27 जानेवारीला, आउश्वित्सच्या मुक्तीच्या दिवशी, आणि 9 नोव्हेंबरला, 1938 च्या दंगलीच्या स्मरणदिनी, शाळेची मुले आणि शेजारी मिळून दगड पुसतात, फूल आणि मेणबत्ती ठेवतात. मेणबत्ती पत्र्यावर न ठेवता शेजारी ठेवावी, कारण मेण अक्षरांत जाऊन बसते.

परवानगी लागत नाही. शेजाऱ्यांनी विचारले तर काय करताय ते सांगा. नाव वाचून दाखवा.

हे दगड चोरीला जात नाहीत का?
(एक विद्यार्थी, कोल्हापूर)

जातात. नोव्हेंबर 2012 मध्ये ग्राइफ्सवाल्ड गावातले सगळे 11 दगड 9 नोव्हेंबरच्या आदल्या रात्री उपटले. डिसेंबर 2018 मध्ये रोममध्ये एका रात्रीत 20 गेले, जवळपास एकाच कुटुंबाच्या नावांचे. ऑक्टोबर 2024 मध्ये त्साइट्समधले सगळे 10. पितळेची किंमत नगण्य आहे, तेव्हा हेतूबद्दल शंका ठेवायला जागा नाही. तिन्ही ठिकाणी दगड पुन्हा बसले. त्साइट्समध्ये गरजेपेक्षा कितीतरी जास्त देणग्या आल्या.

पण केबल किंवा गॅसच्या पाइपसाठी फुटपाथ खणतानाही दगड हरवू शकतो, मलब्याबरोबर ट्रकमध्ये जाऊन. म्हणून प्रत्येक दगडाचा सरळ वरून काढलेला फोटो, पूर्ण मजकूर आणि दारापासूनचे अंतर स्थानिक गटाकडे असायला हवे. खोदकामाची सूचना लागली की ठेकेदाराला आणि पालिकेला लेखी कळवून दगड आधीच काढून ठेवायला सांगावे. गायब दिसला तर पोलिसांत नोंद करा, कारण दगड बसल्यावर बहुधा पालिकेच्या मालकीचा होतो.

दगड फक्त ज्यूंसाठीच असतात का? जर्मनीतून पळून मुंबईत आलेल्यांसाठी, किंवा युद्धकाळात कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला राहिलेल्या पोलिश निर्वासितांसाठी आपल्याकडे असे काही करता येईल का?
(एक वाचक, सांगली)

बहुसंख्य दगड ज्यूंचे आहेत, कारण बळीही त्यांचेच सर्वाधिक, सुमारे 60 लाख. त्यांच्याबरोबर रोमा-सिंटी, यहोवाचे साक्षीदार (एक ख्रिस्ती पंथ), समलिंगी पुरुष, राजकीय विरोधक, सैन्यातून पळालेले, आणि अपंग व मनोरुग्ण यांचेही आहेत. शेवटच्या गटातल्या 70,000 हून अधिक लोकांना जानेवारी 1940 ते ऑगस्ट 1941 या काळात हाडामार, ग्राफेनेक अशा सहा ठिकाणी विषारी वायूने मारले. त्यांची नावे घरच्यांनीच लाजेने दडवली होती. ती बाहेर येणे आम्हाला फार मोलाचे वाटते.

वळिवड्याचा विषय वेगळा आहे. तिथे आलेले पोलिश लोक बहुतांश कॅथलिक होते आणि त्यांना घरांतून उचलून सायबेरिया-कझाकस्तानात नेले ते सोव्हिएत सत्तेने. त्यांचे स्मरण व्हावे, कोल्हापुरात होतेही. पण हे दगड नाझींच्या बळींचे आहेत, दोन्ही एकत्र केले तर दोघांचाही इतिहास धूसर होतो.

मुंबईचा धागा मात्र खरा आहे. 1933 नंतर जर्मनी, ऑस्ट्रिया आणि चेकोस्लोव्हाकियातून काही ज्यू मुंबईला आले. 1934 मध्ये त्यांच्यासाठी ज्यू मदत संस्था उभी राहिली, कारण इथे राहायला कोणीतरी हमी द्यावी लागे. आकाशवाणीच्या ओळखधुनेशी ज्यांचे नाव जोडले जाते ते वाल्टर काउफमान, आणि मुंबईच्या तरुण चित्रकारांच्या पाठीशी उभे राहिलेले रुडोल्फ फॉन लायडन व एमानुएल श्लेझिंगर हे त्यांच्यातलेच. युद्ध सुरू झाल्यावर ब्रिटिश सरकारने यांतल्या काहींना केवळ जर्मन पारपत्रामुळे ‘शत्रुराष्ट्राचे नागरिक’ ठरवून छावण्यांत ठेवले. पुरंदर किल्ल्यावरची छावणी त्यांतलीच.

अशा माणसाचा दगड मुंबईत नव्हे, त्याच्या युरोपातल्या घरासमोर बसतो: ‘इथे राहत होता’, जन्मसाल, मग पलायनाचे साल आणि ‘इंडिएन’, म्हणजे भारत. युरोपाबाहेर अपवाद आहे. ब्युनॉस आयर्समध्ये 2017 मध्ये पेस्टालोझी शाळेसमोर एक बसवला, कारण त्या शाळेने निर्वासित मुलांना सामावून घेतले होते. मुंबईतल्या एखाद्या निर्वासिताचे जुने पत्र, भाड्याची पावती किंवा फोटोमागे लिहिलेला पत्ता तुमच्या घरच्या कागदांत असेल तर तो त्या जर्मन वा ऑस्ट्रियन शहरातल्या गटाला स्कॅन करून पाठवा, दोन्ही बाजू आणि पाकीटही. पाकिटावरचा पाठवणाऱ्याचा पत्ता आणि टपालाचा शिक्का यांवरून मागे राहिलेली आई किंवा बहीण 1939 मध्ये नेमकी कुठल्या घरात होती ते ठरवता येते, आणि तिचा दगड अजून बसलेला नसेल तर त्याच कागदावरून तो अर्ज सुरू होतो. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात परकीय निर्वासितांच्या फायली आहेत. तिथे नाव जर्मन स्पेलिंगने आणि इंग्रजी कारकुनाने कानाला लागेल तसे लिहिलेल्या स्पेलिंगने, दोन्ही प्रकारे शोधा.